गाळलेलं पाणी

(हुबळी-धारवाडच्या मधल्या नवनगरातल्या एका घराचं मागचं अंगण. २००३ सालातला उन्हाळा, दुपार कलती. जिथं पूर्वी दगडी हौद होता तिथं आता कर्दळ लावली आहे. बॉटनीचे निवृत्त मास्तर प्रभंजन, त्यांची थोरली बहीण अंबूताई आणि बंगळूरहून आलेली पुतणी दीपश्री.)

प्रभंजन: ...म्हणून तर म्हणतो, हे सांगितलं तर कुणाचा विश्वास बसत नाही. तुझाही बसणार नाही. या इथं, कर्दळीच्या जागी, मी डासांना ताप आणला होता.

दीपश्री: डासांना ताप?

प्रभंजन: थंडी वाजून ताप! साऱ्या जगात डास माणसाला हिवताप देतो. नवनगरात माणसानं डासाला दिला. पहाटे हौदाला कान लावला की आतून कण्हणं ऐकू यायचं. विचार तुझ्या आत्याला.

अंबूताई: मला नको मधे घेऊस. मला कण्हणं कधी ऐकू आलं नाही. तुझं घोरणं आलं.

प्रभंजन: घोरणं नव्हे ते, अक्का. मी त्यांना धीर देत होतो.

दीपश्री: काका, लहानपणी ही गोष्ट सांगायचात तेव्हा मी पोट धरून हसायचे. आज हसायला नाही आले. आमच्या गाईडना मी छातीवर हात ठेवून सांगितलंय, माझ्या काकांनी डासांच्या अळ्या मारणारी बुरशी घरच्या हौदात वाढवायचा प्रयत्न केला होता. मला तेच पुन्हा करून बघायचंय. ते म्हणाले, आधी ती का टिकली नाही ते शोधून आण. कारण मिळालं तर विषय तुझा, नाहीतर भातावरची कीड घे.

प्रभंजन: भातावरची कीड? शिव शिव. आपल्या घराण्यात कुणी एवढं खाली गेलं नव्हतं.

दीपश्री: मग खरं सांगा. पहिल्यापासून.

प्रभंजन: पहिल्यापासून म्हणजे म्हशीपासून. मी नवलगुंदहून परत येत होतो. एसटीचं चाक बसलं. सगळे उतरून ड्रायव्हरला अक्कल शिकवायला लागले. मी शेताच्या कडेला गेलो, कशाला ते विचारू नकोस. काळी माती, त्यात म्हशींच्या खुरांचे खड्डे, खड्ड्यांत पाणी, पाण्यात अळ्या. आता डासाची अळी कशी असते? मळकट, वळवळी, खाली डोकं वर शेपूट, आमच्या कॉलेजच्या चिटणीससाहेबांच्या कारकुनासारखी. या नव्हत्या तशा. या तांबूस-पिवळ्या. पोटात कुणी राळ्याचे दाणे ठासून भरलेत असं वाटावं. हलायची इच्छा नाही, जगायची इच्छा नाही. मी म्हशीकडे बघितलं, म्हशीनं माझ्याकडे बघितलं. दोघांनाही कळलं, हे काहीतरी मोठं आहे.

दीपश्री: सीलोमोमायसिस. हीच ती बुरशी.

प्रभंजन: हां. नाव एवढं लांब की निम्म्या अळ्या नाव ऐकूनच जायच्या.

अंबूताई: आणि ते सगळं घरी कशात आणलं, ते सांग की.

प्रभंजन: बरणीत.

अंबूताई: कुणाच्या बरणीत? माझ्या लिंबाच्या लोणच्याच्या. डब्यासोबत दिली होती, चमचाभर लोणचं शिल्लक होतं. ते याच्या पोटात गेलं आणि बरणीत म्हशीच्या पायाखालचं पाणी आलं. त्यानंतर त्या बरणीत मी काही घातलं नाही, दीपे. अजून माळ्यावर पडलीय.

प्रभंजन: म्युझियममध्ये जायची होती ती बरणी. तुमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही, एवढंच.

दीपश्री: पण हौदात ती बुरशी धरली ना? सुरुवातीला?

प्रभंजन: सुरुवातीला म्हणजे काय थाट होता! आणलेल्या सगळ्या अळ्या गेल्या, पोटं फुटून गेल्या. हौदाच्या तळाला नुसती तांबूस धूळ. मी तुझ्या वडलांना फोन केला, म्हटलं, आता हुबळीच्या गटारांवर मीच राज्य करणार. औषध फवारायचं कारण नाही, धूर सोडायचं कारण नाही. डासाचा रोग डासाला, माणूस मोकळा.

दीपश्री: आणि मग?

प्रभंजन: मग हौदात नव्या अळ्या आल्या. गुबगुबीत. आनंदी. खालच्या धुळीत लोळून, मोठ्या होऊन, पंख झटकून माझ्याच कानाशी गाणं म्हणायला हजर.

अंबूताई: हा पुन्हा नवलगुंदला.

प्रभंजन: पुन्हा नवलगुंदला, पुन्हा बरणी. पुन्हा आणलेल्या तेवढ्या मेल्या आणि पुढची पिढी पैलवान. दोन उन्हाळे हाच खेळ. कंडक्टर मला बघून तिकिटाऐवजी विचारायचा, "सर, बरणी?"

दीपश्री: त्या पाहुण्यांच्या दिवशी नक्की काय झालं?

प्रभंजन: ते नको.

अंबूताई: सांगते मी. याला धीर कुठला? फिरून आणलेल्या अळ्या मेल्या तशी यानं सगळ्यांना आवतण दिलं. प्रिन्सिपॉल आले, बंगळूरचा कुणी शास्त्रज्ञ आला, आरोग्य खात्याचे साहेब आले. मी उपीट केलं, जिलेबी मागवली सुभाष रोडवरून. हा भाषणाला उभा राहिला. बुरशी, निसर्ग, असं मोठं मोठं बोलला. आणि साहेबांनी हौदावरची जाळी उचलली.

प्रभंजन: ढगच उठला. खरं सांगतो, सूर्य झाकला.

अंबूताई: सूर्य नाही झाकला. पण साहेबांच्या टकलावर बसले तेवढे पुरे होते. दुसऱ्या दिवसापासून स्टाफरूममध्ये हा सोळ्ळे मास्तर, म्हणजे डासमास्तर. पोरं फळ्यावर डास काढून ठेवायची. रिटायर होईस्तोवर, होय ना रे?

प्रभंजन: चित्र बरं काढायची. सोंड तेवढी चुकायची.

दीपश्री: काका, हौदात पाणी कुठलं असायचं? नळाचं?

प्रभंजन: नळाचं कसलं, औषधाचा वास मारतं ते. शेजारच्या विहिरीचं.

अंबूताई: आणणारी कोण? मी. याच्या सगळ्या उद्योगात माझा हात लागला तो एवढाच, पण नीट लागला. कळशीला फडकं बांधून, दुपदरी धोतराचं, गाळून ओतायचे. एक थेंब कधी तसाच ओतला नाही.

दीपश्री: हौदाचं पाणी गाळायचात? प्यायचं नसताना?

अंबूताई: प्यायचं काय, सांडायचं काय. या घरात पाणी गाळल्याशिवाय येत नाही. बरणीतलंसुद्धा, बघ. हा बरणी आणून ठेवून झोपायचा. मी ते घाण पाणी फडक्यातून काढायचे, अळ्या पळीनं अलगद उचलून विहिरीच्या पाण्यात सोडायचे आणि फडकं कडक उन्हात टाकायचे. गावात ती दवाखान्याची बाई आली होती, दुर्गव्वा, तिनं भिंगातून दाखवला होता मला तो. पांढरा ठिपका, एकच डोळा; पाण्याबरोबर तो पोटात गेला की नारू होतो म्हणाली. तो नारूचा एकडोळ्या या अंगणात आला असता तर मी हौदच पेटवला असता.

दीपश्री: सायक्लॉप्स. म्हणजे हौदात सायक्लॉप्स नव्हतेच? एकही? पण काका, सीलोमोमायसिसला तर...

प्रभंजन: दीपे! नारूवरून आठवलं! तुला आत्याच्या नारूची गोष्ट ठाऊक नाही.

दीपश्री: नारू झाला होता, पाय त्यामुळेच असा, एवढंच ठाऊक आहे.

प्रभंजन: मग तुला काहीच ठाऊक नाही. आम्ही एवढे एवढे. गावच्या तळ्याचं पाणी, सगळेच प्यायचे, पण नारूला पसंत पडली ती अक्काच. घोट्यावर फोड आला, फोडातून दोरा डोकावला. काडीला गुंडाळायचा, रोज थोडा, ओढायचा नाही. ओढला की तुटतो, तुटला की पाय सडतो. मी उशाशी बसून काडी फिरवायचो आणि अक्काला गोष्टी सांगायचो. थापा मारायला मी तिथं शिकलो. आणि नारू निघाला केवढा? अप्पांनी म्हैस बांधली त्यानं! दावं म्हणून दोन वर्षं वापरला. अख्खा निघाला. हो की नाही गं, अक्का?

अंबूताई: हं. अख्खा निघाला.

प्रभंजन: बघ. साक्षीदार आहे.

अंबूताई: कॉफी टाकते मी. तुझं तोंड कोरडं पडलंय, प्रभ्या.

प्रभंजन: ...गेली? स्टो पेटल्याचा आवाज आला का?

दीपश्री: आला. काका...

प्रभंजन: हळू.

दीपश्री: काका, ही बुरशी एका अळीतून दुसऱ्या अळीत थेट जातच नाही. मधे तिला सायक्लॉप्सच्या अंगात राहावं लागतं. तिथून बाहेर पडते ती पुन्हा अळी धरते. मधला तो नसला की साखळी तुटली. म्हणजे आत्यानं फडक्यावर...

प्रभंजन: हळू म्हटलं ना. मला माहीत आहे.

दीपश्री: तुम्हाला माहीत आहे?

प्रभंजन: तेव्हा नव्हतं. आमच्या कॉलेजातलं पुस्तक माझ्यापेक्षा म्हातारं, त्यात मधल्या पाहुण्याचं नाव नाही. टक्कल प्रकरण होऊन गेलं आणि पुढच्या पावसाळ्यात बेळगावला परिसंवाद होता. जेवायच्या पंगतीत शेजारी एक पोरगा बसला होता, तुझ्याएवढाच. शिरा खाता खाता सहज बोलून गेला. माझा घास तोंडातच राहिला. वाढपी म्हणाला, "साहेब, गोड नको का?"

दीपश्री: मग पुन्हा का नाही केलंत? हौद होता, विहीर होती, नवलगुंदचा खड्डा होता. एवढं सोपं होतं! आत्याला म्हणायचं, गाळू नकोस.

प्रभंजन: तेच म्हणायचं ठरवून आलो होतो. बसमध्ये पाठ करत आलो, "अक्का, उद्यापासून पाणी न गाळता ओत." घरी पोचलो तर ही हौदापाशी उभी. फडकं दोन्ही हातांनी धरलेलं, कळशी कमरेवर तिरकी, तिच्याखाली तो पाय तिरका. मला म्हणते, "तू नव्हतास म्हणून काही चुकवलं नाही हं, रोज गाळून घातलंय." सांग, काय बोलायचं?

दीपश्री: खरं बोलायचं.

प्रभंजन: काय खरं? ज्यानं तुझा पाय नेला, ज्याच्यामुळे तुला बघायला आलेली माणसं तू चालून दाखवल्यावर उठून गेली, त्यालाच आपण घरी आणून पाळू या? का असं म्हणू, की माझ्या हयातीत एक गोष्ट जमायची होती, ती तू रोज सकाळी गाळून फेकलीस?

दीपश्री: तुम्हाला वाटलं नाही, परत...

प्रभंजन: रोज वाटायचं. पावसाळा आला की अजून वाटतं. तो खड्डाही गेला आता. शेताचा लेआउट झाला, त्यावर कल्याणमंटप उभा आहे. मागल्या वर्षी एका लग्नाला गेलो होतो तिथं. अक्षता हातात धरून खाली बघत राहिलो, फरशीखाली कुठं असेल तो खूर म्हणून.

दीपश्री: आणि हौद?

प्रभंजन: वर्षभर तसाच कोरडा राहू दिला. मग भरमा गवंड्याकडून फोडून घेतला. ती गाळायला उभीच राहू नये म्हणून. आता ऐक. तुझ्या गाईडना सगळं खरं सांग, तुझा विषय तुला मिळू दे, तेवढं तरी त्या बुरशीचं होऊ दे. पण या अंगणात मी जे सांगेन त्याला मान हलवायची. जमेल?

दीपश्री: मला खोटं बोलता येत नाही, काका.

प्रभंजन: कुणाची पुतणी तू? हस नुसती. हसणं खोटं असलं तरी कळत नाही.

अंबूताई: काय कळत नाही? धर गं कप, कानाला धर, भाजेल. तुझी बिनसाखरेची, प्रभ्या.

प्रभंजन: अगं, हिला हौद का गेला ते सांगत होतो. बुरशी का टिकली नाही म्हणते. कशी टिकणार? हौदच राहिला नाही! तो भरमा गवंडी यायचा ना, कंपाउंडची भिंत बांधायला? मी इथं खुर्चीत वाचत बसलेलो. बुरशीनं नुकताच जोर धरलेला. तो पहार घेऊन हौदापाशी गेला आणि तिकडूनच ओरडला, "इदन्न ओडीलेन्री, सर?" हे फोडू का? मला वाटलं, हे काय आहे असं विचारतोय. मी मान वर न करता म्हटलं, "हौद."

दीपश्री: आणि त्याला ऐकू आलं, हौदु.

प्रभंजन: हौदु! कानडीत हो! मी सांगतोय वस्तूचं नाव, त्याला मिळाली परवानगी. मान वर केली तो अर्धा हौद जमिनीवर आणि सगळी बुरशी पायरीवरून वाहत शेजारच्या तुळशीत. एका उकारानं घात केला. पुण्यात हे झालं नसतं. धारवाडात राहून मराठी बोलायची ही शिक्षा. हस की, दीपे!

दीपश्री: ...हसतेय मी.

अंबूताई: नवी आहे.

प्रभंजन: काय?

अंबूताई: गोष्ट. मागं माकडांनी हौदात आंघोळ केली होती. त्याच्या आधी मंत्र्याचा दौरा होता, म्हणून पावडर टाकली होती कुणी. ही आज केलीस. चांगली केलीयस.

प्रभंजन: केली कसली, घडली.

अंबूताई: भरमा निपाणीचा. तुझ्याशी कधी कानडी बोलला नाही तो, मराठीत बोलायचा, तुझ्यापेक्षा स्वच्छ. आणि त्यानं हौद फोडला तेव्हा आत थेंब नव्हता. पहार अडगळीतून मी काढून दिली होती त्याला.

प्रभंजन: अक्का, गोष्ट आहे ती. गोष्टीत एवढं बघायचं नसतं.

अंबूताई: तू गोष्ट सांगतोस तेव्हा ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघतोस, हसतं का म्हणून. आत्ता ही हसत होती आणि तू तिच्याकडे बघितलंसच नाहीस.

प्रभंजन: कॉफी गार होतेय तुझी.

अंबूताई: होऊ दे. आत दूध उतू जाईपर्यंत मी स्टोपाशीच उभी होते. तुमचं काही ऐकू आलं नाही मला. नुसतं कळलं, की आवाज खाली आलेत. या घरात आवाज खाली येतो तो माझ्या पायाविषयी बोलताना. दीपे, इकडं बघ. मघाशी तू काहीतरी बोलत होतीस आणि यानं तुला नारूच्या गोष्टीत ढकललं. त्या बुरशीला तो एकडोळ्या लागतो का?

दीपश्री: आत्या, ते तसं सरळ सांगता येत...

अंबूताई: शास्त्र नको सांगूस. हौदु की अल्ल, एवढंच.

दीपश्री: ...हौदु.

अंबूताई: हं.

प्रभंजन: तिला अजून पुरतं कळलेलं नाही, अक्का, शिकतेय ती. पुस्तकात एक असतं...

अंबूताई: म्हणजे दोन उन्हाळे मी फडकं उन्हात टाकत होते, आणि तुझं काम त्या फडक्यावर वाळत होतं.

प्रभंजन: तसं काही नाही.

अंबूताई: आणि तुला लोक सोळ्ळे मास्तर म्हणत होते. आणि मी ते आल्यागेल्याला हसून सांगत होते. आत्ताही सांगितलं.

प्रभंजन: सांगतेस छान पण. टक्कल तर अगदी डोळ्यांपुढे उभं करतेस.

अंबूताई: एक शब्द बोलला असतास तर फडकं खुंटीला लावलं असतं मी.

प्रभंजन: लावलं असतंस?

अंबूताई: ...नसतं लावलं. हात धजला नसता. पण तू विचारायचं होतंस, प्रभ्या. नाही म्हणायची संधी तरी माझी होती.

प्रभंजन: बरं. दीपे, तू सांग हिला. तिकडं बंगळूरला होईल ना हे पुन्हा? काचेच्या पेटीत, झाकण लावून, घरापासून लांब?

दीपश्री: होईल, काका. आता होईल.

प्रभंजन: मग झालं. काही वाया गेलं नाही. मला तर आठवतसुद्धा नाही नीट, काय होतं त्या हौदात. खरंच सांगतो, अक्का. मला त्याचं काहीच वाटत नाही.

अंबूताई: मान वर कर.

प्रभंजन: काय?

अंबूताई: मान वर करून सांग. माझ्या पायाकडे बघून सांगू नकोस. नारू काढताना काडी तुझ्या हातात होती, तेव्हाही तू असाच पायाकडे बघत म्हणाला होतास, "अख्खा निघाला, अक्का."

प्रभंजन: अख्खाच निघाला होता.

अंबूताई: खोटं. पाय माझा होता रे. मला तेव्हाच कळलं होतं.